दोन प्रजातींची संकरित पिल्लं जननक्षम निघाली, तर त्या दोन प्रजाती कशा? जिनोम काय सांगतो?

निशिगंध

नमस्कार मंडळी. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. प्रजातीची व्याख्या आली की जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली मांडलेली व्याख्या सांगते: ज्यांचं आपसांत प्रजनन होतं आणि बाकीच्या गटांशी होत नाही, तो गट म्हणजे प्रजाती. घोडा, गाढव आणि वांझ खेचर हे उदाहरण द्यायचं, मुलं लिहून घेतात, धडा पुढे सरकतो.

यंदा एका मुलीने हात वर केला. २००६ साली कॅनडाच्या उत्तर टोकाला मारल्या गेलेल्या एका अस्वलाबद्दल तिने वाचलं होतं. अंग पांढरं, त्यावर तपकिरी डाग. डीएनए तपासल्यावर ते ध्रुवीय अस्वल आणि ग्रिझली, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं तपकिरी अस्वल, यांचं पिल्लू निघालं. पुढे अशा संकरित मादीलाही पिल्लं झाल्याचं सिद्ध झालं. "मॅडम, मग ही दोन अस्वलं एकच प्रजाती का नाही?" मी तिला थोडक्यात उत्तर दिलं, पण ती तेवढ्यावर थांबली नाही. तिने थांबू नये असं मलाही मनापासून वाटतं.

तेव्हापासून वाचते आहे. उत्तर अमेरिकेतल्या निळपंखी आणि सोनपंखी वॉर्बलर पक्ष्यांचे जिनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, ९९.९७ टक्के सारखे निघाले म्हणे, आणि तरीही पुस्तकात त्या दोन प्रजाती. उरलेल्या ०.०३ टक्क्यात असं काय आहे? आणि "हे जनुक दुसऱ्या प्रजातीकडून आलं" असं जेव्हा लिहितात, तेव्हा ते दोघांना एकाच पूर्वजाकडून मिळालेलं नाही हे कशावरून ठरवतात? या विषयात काम करणारं इथे कुणी असेल तर कृपया सांगा. मला वर्गात नीट उत्तर द्यायचं आहे.

---

बहावा

मी वनस्पतींमधला माणूस, त्यामुळे अस्वलांबद्दल बोलत नाही. पण खेचराचं उदाहरण दिलंत की लगेच स्पार्टिना गवताचंही द्या.

इंग्लंडमध्ये साउदम्प्टनच्या खाडीत एकोणिसाव्या शतकात अमेरिकेकडचं एक खारगवत येऊन रुजलं आणि तिथल्या स्थानिक स्पार्टिनाशी त्याचा संकर झाला. संकर वांझ होता. दोन्हीकडून आलेल्या गुणसूत्रांच्या जोड्याच जमत नव्हत्या. मग त्यातल्या एखाद्या रोपात गुणसूत्रांचा अख्खा संच दुप्पट झाला, प्रत्येकाला जोडीदार मिळाला, आणि बी धरणारी स्पार्टिना अँग्लिका उभी राहिली. आईबापांपैकी कुणाशीही तिचं आता नीट जमत नाही, म्हणजे मायर यांच्या व्याख्येतही ती चोख बसते. खेचराची वाट जिथे बंद होते, तिथूनच हिची सुरू झाली.

दुसरं उदाहरण ट्रॅगोपोगॉन या फुलझाडाचं. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या तीन प्रजातींपासून वॉशिंग्टन आणि आयडाहो राज्यांत अशाच पद्धतीने दोन नव्या प्रजाती तयार झाल्या. वनस्पतीशास्त्रज्ञ मॅरियन ओनबी यांनी १९५० साली त्यांना नावं दिली. पुढे डीएनएवरून कळलं की या एकदाच जन्मलेल्या नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणी, स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा जन्मल्या आहेत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण मग "प्रजातीचा एकच मूळपुरुष" हे चित्रच बदलतं.

प्राण्यांचं जाणकारांनी सांगावं.

---

सुगरण

निशिगंध, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न हाच माझा रोजचा धंदा आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

मी पक्ष्यांच्या जिनोमवर काम करते. रक्ताचा थेंब, गळलेलं पीस, संग्रहालयातल्या जुन्या पक्ष्याच्या तळपायाची चिमूटभर कातडी, असं काहीही नमुना म्हणून येतं. माझ्या टेबलावर पोचेपर्यंत त्यात पक्षी उरलेला नसतो. चार अक्षरांचे कोट्यवधी तुकडे असतात आणि ते एका प्रमाण जिनोमवर आपापल्या जागी बसवायचे असतात. हे काम करताकरता माझी एक खात्री झाली आहे. दोन प्रजातींमध्ये सीमा आहे की नाही, हा प्रश्न अख्ख्या प्राण्याला विचारला तर उत्तर कायम "हो आणि नाही" असंच येतं. डीएनएच्या एकेका तुकड्याला विचारला की मात्र तो स्पष्ट बोलतो. काही तुकडे सीमेपलीकडे सहज जातात, काही कधीच जात नाहीत, आणि ती सीमा तगून असते ती या न जाणाऱ्यांच्या जिवावर.

युरोपातले कावळे बघा. पश्चिमेला संपूर्ण काळा कावळा, पूर्वेला आणि उत्तरेला राखाडी अंगाचा, काळ्या डोक्याचा. दोघांच्या मध्ये एक अरुंद पट्टा आहे, जर्मनीतून जातो, आल्प्सच्या बाजूने इटलीत उतरतो. त्या पट्ट्यात दोघांचे संकर सर्रास होतात आणि त्यांना पिल्लंही होतात. पट्टा मात्र रुंदावत नाही. २०१४ साली ६० कावळ्यांचे जिनोम वाचले गेले तेव्हा जे दिसलं ते वाचून मी अक्षरशः उभी राहिले होते. जर्मनीतला काळा कावळा जनुकीयदृष्ट्या स्पेनमधल्या काळ्या कावळ्यापेक्षा राखाडी कावळ्याच्या जास्त जवळचा होता! संपूर्ण जिनोममध्ये दोन रंगांच्या कावळ्यांना पक्केपणाने वेगळं करणाऱ्या जागा मिळाल्या फक्त ८२, आणि त्यातल्या ८१ एकाच गुणसूत्रावर, १८ क्रमांकाच्या, एका छोट्याशा भागात एकवटलेल्या. त्या भागाचा संबंध पिसांच्या रंगाशी आहे. कावळे जोडीदार निवडताना आपल्यासारख्या रंगाचा पाहतात. म्हणजे बाकीचा जवळजवळ सगळा जिनोम ये-जा करतो आहे आणि रंगाचा तो एक तुकडा सीमेवर अडतो आहे. अडतो म्हणून कावळे दोन दिसतात.

तुमचे वॉर्बलर याच जातकुळीतले. २०१६ सालच्या त्या कामात जिनोमच्या फक्त सहा भागांत दोघांमध्ये ठळक फरक मिळाला, आणि त्यांतले बहुतेक भाग पिसांची वाढ आणि रंग ठरवणाऱ्या जनुकांजवळ होते. ०.०३ टक्क्यात काय आहे, तर गळ्यावरचा काळा पट्टा आणि पोटाचा पिवळा रंग. पक्ष्याला जोडीदार ओळखायला तेवढं पुरतं.

आता तुकडे अडतात का, हा भाग. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण पक्ष्यांमधलं नाही, माशांमधलं आहे. मेक्सिकोच्या डोंगरी ओढ्यांत झिफोफोरस गटाच्या दोन प्रजाती राहतात, बर्चमनाय आणि मालिंचे. त्यांचे संकर ठिकठिकाणी सापडतात. बर्चमनायमधल्या काही माशांच्या शेपटीवर काळा ठिपका असतो आणि त्याचा त्यांना काही त्रास नसतो. संकरित माशात मात्र तो ठिपका कधीकधी पसरत जातो आणि त्याचा मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग होतो. २०२० साली दोन्ही गुन्हेगार सापडले: एका प्रजातीतलं एक्सएमआरके नावाचं जनुक आणि दुसरीतलं सीडी९७. दोन्ही जनुकं आपापल्या घरी निरुपद्रवी. लाखो वर्षं आपापल्या साथीदारांबरोबर जुळवून घेत ती बदलत गेली आणि एकमेकांशी त्यांची गाठ कधी पडलीच नव्हती. संकरात ती पहिल्यांदा भेटतात आणि बिघडतं. डोबझान्स्की आणि म्युलर या जनुकशास्त्रज्ञांनी हे तत्त्व जनुकं वाचता येण्याच्या कितीतरी आधी कागदावर मांडलं होतं. आता कुठली दोन जनुकं, हे बोट ठेवून दाखवता येतं.

आणि जे तुकडे जातात ते कधीकधी जीव वाचवतात. बर्फाळ प्रदेशातला स्नोशू ससा हिवाळ्यात पांढरा होतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडे बर्फ कमी, तिथे हाच ससा हिवाळ्यातही तपकिरीच राहतो. २०१८ साली कळलं की तपकिरी राहण्याची ही सोय केसांच्या रंगाशी संबंधित अगूटी जनुकाच्या एका रूपातून येते आणि ते रूप काळ्या शेपटीच्या जॅकरॅबिटकडून, म्हणजे वेगळ्या प्रजातीकडून, संकराने आलेलं आहे. घरातल्या उंदरांची गोष्ट याहून धक्कादायक. वॉरफरिन हे उंदरांचं विष विसाव्या शतकाच्या मध्यावर सर्वत्र वापरात आलं. युरोपातल्या काही घरउंदरांना ते लागेना. २०११ साली दिसलं की त्यांच्यातलं विषाला दाद न देणारं जनुक अल्जीरियन उंदराचं आहे. या दोन प्रजातींच्या संकरातले नर वांझ असतात. फक्त माद्यांच्या वाटेने, अत्यंत क्वचित, पण तरीही ते जनुक पलीकडे पोचलं, आणि विषामुळे ते ज्याच्याकडे आहे तोच जगला.

म्हणून मुलीला सांगा, "प्रजनन होतं की नाही" याऐवजी "प्रजनन झाल्यावर पुढच्या पन्नास पिढ्यांत काय टिकतं" हे विचार. तिच्या अस्वलांचंच घ्या. कॅनडाच्या त्या भागातल्या आठ ज्ञात संकरित अस्वलांचा वंश २०१७ साली शोधला गेला. ती आठही एकाच ध्रुवीय मादीची पिल्लं-नातवंडं निघाली, दोन ग्रिझली नरांपासून झालेली. बातम्यांमधून वाटतं की दोन प्रजाती मिसळून चालल्या आहेत. प्रत्यक्षात एक मादी होती.

---

निशिगंध

सुगरण, किती आभार मानू! कावळ्यांचं तर उद्याच सांगते.

पण माझा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. गोरिलाचा जिनोम २०१२ साली वाचला तेव्हा सुमारे ३० टक्के भागात गोरिला हा माणसाच्या किंवा चिंपांझीच्या जास्त जवळ निघाला, माणूस-चिंपांझी एकमेकांच्या जितके जवळ आहेत त्याहूनही, असं वाचलं. तिथे तर संकर म्हणत नाहीत. मग सशाच्या बाबतीत संकर कसा म्हणायचा? दोन्हीकडे एकाचा तुकडा दुसऱ्याशी जुळतोच आहे.

---

सुगरण

नेमक्या जागी बोट ठेवलंत. या क्षेत्रातली निम्मी भांडणं याच एका मुद्द्यावर होतात.

पूर्वज प्रजाती म्हणजे एक प्राणी नव्हे, मोठी लोकसंख्या, आणि तिच्यात एकाच जनुकाची दोन-तीन रूपं आधीपासून फिरत असतात. तिच्यातून आधी गोरिलाची शाखा फुटली, मग थोड्याच काळात माणूस आणि चिंपांझी वेगळे झाले. दोन फाटे एकमेकांच्या इतके जवळ असले की जुनी रूपं नीट वाटली जायला वेळच मिळत नाही. एखादं रूप योगायोगाने गोरिलाकडे आणि माणसाकडे राहतं, चिंपांझीकडे हरवतं. यात कुणी कुणाशी संकर केलेला नाही. वाटणी अर्धवट राहिली, एवढंच.

आता गंमत अशी की योगायोग दोन्ही बाजूंना सारखाच वागतो. माणूस-गोरिला जुळणारे तुकडे जेवढे, साधारण तेवढेच चिंपांझी-गोरिला जुळणारे असायला हवेत. ही समानता मोडली की संशय घ्यायचा. २०१० साली निअँडरथलच्या जिनोमवर हेच केलं गेलं. दोन आजची माणसं घेतली, एक आफ्रिकेतला, एक आफ्रिकेबाहेरचा. तिसरा निअँडरथल, आणि जुनं अक्षर कोणतं हे कळायला चौथा चिंपांझी. वाटणीच अर्धवट राहिली असती तर निअँडरथलशी दोघंही सारखेच जुळले असते. जुळला आफ्रिकेबाहेरचा, जास्त. स्वांते पाबो यांना २०२२ साली नोबेल मिळालं त्यामागच्या कामांत हेही होतं. अक्षरांच्या मांडणीवरून या चाचणीला आम्ही अब्बा-बाबा म्हणतो.

दुसरा पुरावा तुकड्याच्या लांबीचा, आणि तो मला जास्त पटतो कारण तो डोळ्यांनी दिसतो. पहिल्या पिढीच्या संकराची गुणसूत्रं पडद्यावर रंगवली तर प्रत्येक जोडीत एक अखंड निळं, एक अखंड पिवळं. पुढच्या पिढीपासून कापडाला कात्री लागावी तसं होत जातं, दर पिढीला गुणसूत्रांची अदलाबदल होते आणि परक्या रंगाचा पट्टा आखूड होतो. दहा पिढ्यांत लांब पट्टे, हजार पिढ्यांत बारीक चिंध्या. लांबीवरून संकर साधारण किती पिढ्यांपूर्वी झाला याचा अंदाज येतो. पूर्वजाकडून आलेल्या समान तुकड्यांना याहून कितीतरी जास्त पिढ्या कात्री लागलेली असते, ते अगदीच आखूड असतात. दोन खूप दूरच्या प्रजातींमध्ये लांबलचक, जवळपास जशाचा तसा तुकडा सापडला की पूर्वजाचं स्पष्टीकरण टिकत नाही. ससा इथे पकडला जातो. अगूटीच्या भोवतीचा तुकडा जॅकरॅबिटशी इतका जुळतो की त्या दोन प्रजाती वेगळ्या होऊन गेलेल्या काळाशी त्याचा मेळच बसत नाही.

एका धोक्याबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण तो तयार निष्कर्षांमध्ये दिसत नाही. सगळे नमुने एकाच प्रजातीच्या प्रमाण जिनोमवर बसवले, तर त्या प्रजातीसारखे तुकडे नीट बसतात आणि वेगळे तुकडे गळून पडतात. संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांत तर डीएनए आधीच तुटलेला असतो, तिथे ही गळती आणखी वाढते. मग दोन प्रजाती खोट्याच जवळ दिसायला लागतात. म्हणून मी तरी बाहेरच्या, तिसऱ्याच प्रजातीच्या जिनोमवर सगळं पुन्हा बसवून बघितल्याखेरीज कुठल्याही संकराच्या दाव्यावर विश्वास ठेवत नाही, दावा कुणाचाही असो.

आणि फक्त मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या, डीएनएवर काढलेल्या निष्कर्षांपासून मुलांना जपा. तो फक्त आईकडून येतो. अलास्काच्या ॲडमिरल्टी, बॅरानॉफ आणि चिचॅगॉफ बेटांवरच्या तपकिरी अस्वलांचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बाकी तपकिरी अस्वलांपेक्षा ध्रुवीय अस्वलांशी जास्त जुळतो. त्यावरून बराच काळ असं मानलं गेलं की ध्रुवीय अस्वलं तपकिरी अस्वलांच्याच एका शाखेतून, अगदी अलीकडे निघाली. पूर्ण जिनोम वाचल्यावर वेगळंच निघालं. दोघांची फारकत खूप जुनी आहे. बेटांवरची अस्वलं अंगाने आणि जिनोमने तपकिरीच आहेत, त्यांच्यात ध्रुवीय वारसा थोडासाच आहे, पण एक्स गुणसूत्रावर तो बाकीच्या गुणसूत्रांपेक्षा जास्त आहे. मादीत एक्स दोन असतात, नरात एक. माद्यांकडून वारसा आला असेल तर एक्सवर तो जास्त दिसणारच. २०१३ साली यावरून जे चित्र मांडलं गेलं ते असं: हिमयुग ओसरताना त्या बेटांवर ध्रुवीय अस्वलं अडकली, मुख्य भूमीवरून तपकिरी नर पोहत येत राहिले (माद्या फार दूर जात नाहीत), आणि पिढ्यान्‌पिढ्या ती लोकसंख्या तपकिरी होत गेली. आयांचा माग मायटोकॉन्ड्रियात आणि एक्सवर राहिला. एका प्राण्याच्या तीन ठिकाणच्या डीएनएने तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि तिन्ही खऱ्या होत्या.

---

टिटवी

वाचतो आहे, फार छान चाललं आहे. पण मी जंगलात, वन्यजीव संवर्धनाचं काम करणाऱ्यांच्या बाजूचा आहे आणि मला एक गोष्ट मनापासून छळते. एकीकडे जिनोमवाले एका जिराफाचे चार करतात. दुसरीकडे सगळंच मिसळलेलं आहे, सीमा झिरपणाऱ्या आहेत म्हणतात. आम्हाला यादीत एक नाव लिहायचं असतं. स्कॉटलंडच्या रानमांजराचं काय झालं बघा. पाळीव मांजरांशी संकर होऊन होऊन अस्सल रानमांजर शोधून सापडेना. तिथे मी "जनुकं ये-जा करतात, नैसर्गिक आहे" असं म्हणू शकत नाही, सुगरण.

---

सुगरण

टिटवी, म्हणूच नका. मीही म्हणणार नाही.

रानमांजराच्या बाबतीत जिनोमने जे सांगितलं ते तुमच्याच बाजूचं आहे. पाळीव मांजरं ब्रिटनमध्ये २००० वर्षांहून जास्त काळ आहेत. इतक्या वर्षांत संकर जवळजवळ झालाच नाही. जुन्या सांगाड्यांचे आणि आजच्या मांजरांचे जिनोम ताडून २०२३ साली कळलं की मिसळण सुरू झाली ती गेल्या सुमारे ७० वर्षांतच. म्हणजे या दोघांमधली सीमा चांगली भक्कम होती. रानमांजरं इतकी घटली की जोडीदार मिळेना, तेव्हा ती ढासळली. जिनोम इथे काळ सांगतो, आणि काळ कळला की कारण शोधता येतं. पिंजऱ्यात जपलेल्या मांजरांमधून कमीत कमी संकर असलेली निवडून त्यांची पिल्लं २०२३ साली स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म्स डोंगरांत सोडली गेली, तीही डीएनए तपासूनच.

व्हिक्टोरिया सरोवरातल्या सिक्लिड माशांचं असंच. तिथल्या सुमारे ५०० प्रजाती १५,००० वर्षांत तयार झाल्या. इतक्या वेगाने कशा, हे कोडं होतं. २०१७ साली दिसलं की त्या सगळ्यांच्या मुळाशी दोन जुन्या वंशांचा संकर आहे, एक काँगोकडचा, एक नाईलच्या वरच्या अंगाचा. डोळ्यातलं लाल-हिरवा प्रकाश टिपणारं जनुक दोन ठळक रूपांत मिळतं, दोन वंशांकडून आलेलं. खोल पाण्यात राहणाऱ्यांना एक उपयोगी, उथळ पाण्यातल्यांना दुसरं. संकराने नव्या प्रजातींसाठी कच्चा माल पुरवला. आणि त्याच सरोवरात पाणी गढूळ होतं तिथे माद्यांना नरांचे रंग दिसेनासे होतात आणि प्रजाती पुन्हा एकमेकींत विरघळतात. एकाच सरोवरात संकराने प्रजाती घडल्याही आणि पुसल्याही. तेव्हा संकर चांगला की वाईट असं कुणी सरसकट विचारलं तर मी उलट विचारते: कधी सुरू झाला, किती वेगाने चालू आहे, आणि कुणामुळे?

जिराफाबद्दल. २०१६ साली चार प्रजातींचा प्रस्ताव आला, तोपर्यंत एकच मानत. मला स्वतःला तो पटतो, कारण चौघांमध्ये जनुकांची देवाणघेवाण निसर्गात फारच कमी दिसते, जरी पिंजऱ्यात त्यांचं एकमेकांशी प्रजनन होतं. हत्तीचं तर आणखी स्पष्ट आहे. आफ्रिकेतला जंगलातला हत्ती आणि गवताळ प्रदेशातला हत्ती जिनोममध्ये इतके दूर आहेत की त्यांना एक धरून आपण जंगलातल्या हत्तीची घसरण झाकत होतो. २०२१ साली आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेने दोघांना वेगळं मोजलं, तेव्हा जंगलातला हत्ती थेट अतिसंकटग्रस्त वर्गात गेला. तुमच्या यादीत एका नावाची दोन नावं झाली, पण त्यामुळे काय वाचवायचं ते कळलं.

एक गोष्ट मात्र आमच्या क्षेत्राने शिकायला वेळ घेतला. दोन प्रजातींमध्ये जिथे फरक उंचावलेला दिसतो अशा भागांना आम्ही बेटं म्हणतो, आणि २००५च्या सुमारापासून दर बेटाला "हेच प्रजाती वेगळी करणारं जनुक" असं लेबल लावायची घाई चालली होती. गुणसूत्राचे काही भाग मुळात अदलाबदल कमी करतात. तिथे कुठल्याही निवडीमुळे विविधता घटते आणि मापकाला फरक मोठा भासतो, जनुकप्रवाहाशी, म्हणजे प्रजातींमधल्या जनुकांच्या ये-जा करण्याशी, त्याचा काही संबंध नसतानाही. २०१४ नंतर हे मोजमाप कठोरपणे तपासलं जाऊ लागलं. कावळ्यांचं बेट मला भक्कम वाटतं ते आकड्यांमुळे नाही फक्त, तर तिथली जनुकं, पिसांचा रंग आणि जोडीदाराची निवड ही तिन्ही एका रेषेत येतात म्हणून.

---

निशिगंध

माझी वही भरली! शेवटचे दोन प्रश्न, मग तुम्हाला सोडते. बहावा यांच्या गवतासारखी, संकरातून नवी प्रजाती जन्मताना प्राण्यांमध्ये कुणी प्रत्यक्ष पाहिली आहे का? आणि वर्गात संगणक नसताना यातलं काही मुलांच्या हातून करून घेता येईल का?

---

सुगरण

पाहिली आहे, आणि पाहणाऱ्यांनी चाळीस वर्षं एकाच बेटावर जाऊन पाहिली आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट १९७३ पासून गॅलापागोसच्या डॅफ्ने मेजर या लहानशा बेटावर फिंच पक्षी मोजत होते. १९८१ साली तिथे एक अनोळखी नर आला. अंगाने मोठा, गाणंही वेगळं. त्यांनी त्याचं रक्त घेतलं, ओळखीसाठी पायात कडी घातली. त्याने तिथल्या मध्यम फिंच मादीशी जोडी जमवली. पिल्लं बापाचं गाणं शिकली आणि चोचीचा आकारही वेगळा, त्यामुळे बेटावरच्या बाकी माद्या त्यांना जोडीदार म्हणून स्वीकारेनात. २००३ ते २००५च्या दुष्काळात त्या वंशातले एक भाऊ-बहीण तेवढे उरले, आणि त्यांच्यापासून तो वंश पुन्हा वाढला, आपसांतच. आधी असा तर्क होता की तो नर जवळच्या सांताक्रूझ बेटावरून आला असावा. २०१७ साली जपून ठेवलेल्या रक्तातून पूर्ण जिनोम वाचला तेव्हा तो १०० किलोमीटरहून दूरच्या एस्पान्योला बेटावरचा, वेगळ्याच प्रजातीचा निघाला. ते रक्त तीसेक वर्षं कुणीतरी नीट लेबल लावून सांभाळलं म्हणून हे कळलं. ही पुरती नवी प्रजाती आहे का यावर एकमत नाही. वंश लहान आहे, उद्या संपूही शकतो. पण वेगळं होण्याची पहिली पायरी कशी पडते हे डोळ्यांसमोर दिसलं.

फुलपाखरांचंही मुलांना सांगा. ॲमेझॉनमधल्या हेलिकोनियस एलिव्हेटसचा जिनोम जवळपास ९९ टक्के त्याच गटातल्या पार्डालिनस या प्रजातीचा आहे आणि सुमारे १ टक्का मेल्पोमेने या दुसऱ्या प्रजातीचा. २०२४ साली हे प्रसिद्ध झालं. पंखावरची नक्षी, पंखाचा आकार, जोडीदाराची आवड, हे सगळं त्या १ टक्क्यातून आलं आहे. संकर सुमारे १,८०,००० वर्षांपूर्वी झाला आणि अजून ती प्रजाती वेगळी टिकून आहे, पार्डालिनसशी अधूनमधून मिसळत असूनही.

वर्गासाठी खडू आणि फळा पुरेल. चार ओळी आखा: अ, ब, क आणि परका. अ आणि ब सख्खे शेजारी, क थोडा दूरचा, परका सर्वांत दूरचा. प्रत्येक ओळीत वीस-पंचवीस रकाने, प्रत्येक रकान्यात एक अक्षर. परक्याचं अक्षर जुनं मानायचं. मुलांनी फक्त दोन प्रकारचे रकाने मोजायचे: जिथे ब आणि क यांचं अक्षर नवं आणि तेच, अ मात्र जुना, आणि जिथे अ आणि क यांचं नवं आणि तेच, ब जुना. पहिल्या फळ्यावर दोन्ही सारखे येतील असे रकाने भरा, दुसऱ्यावर ब-क मुद्दाम जास्त ठेवा. दोन्ही फळ्यांवर काय घडलं असेल ते त्यांनाच सांगू द्या. तुमची ती विद्यार्थिनी बहुधा लगेच विचारेल, "किती जास्त असेल तर खरं मानायचं?" तेव्हा तिला दुसऱ्या फळ्यावरचे ब-क रकाने सगळे एकाच कोपऱ्यात आहेत की फळाभर विखुरलेले, ते बघायला सांगा. शेजारशेजारची अक्षरं वारशात एकत्रच येतात, त्यामुळे एका कोपऱ्यातले दहा रकाने म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत, फार तर एक. म्हणून आम्ही जिनोमचे मोठे ठोकळे पाडतो, दर वेळी एकेक ठोकळा वगळून पुन्हा मोजतो, आणि उत्तर डळमळत नाही ना ते पाहतो. फळ्याचे पाच भाग करून मुलांनाही हे करता येईल. एका तासात होतं.